भिंतीवरची लिली कोटावर : ‘गोल्डन लिली’ या नक्षीचं प्रकरण

१९६७ च्या सुमारास बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनने एक कोट घातला. लंडनच्या किंग्ज रोडवरच्या ‘ग्रॅनी टेक्स अ ट्रिप’ या दुकानातला. त्याचं कापड कोटाचं नव्हतं, पडद्यांचं आणि सोफ्याच्या खोळींचं होतं. त्यावरची नक्षी तर मुळात कापडाचीही नव्हती. साधारण सत्तर वर्षांपूर्वी भिंतीला चिकटवायच्या कागदासाठी ती काढलेली होती. नक्षीचं नाव ‘गोल्डन लिली’.

मी पुण्यात पडदे, अभ्रे, चादरी आणि अधूनमधून कपडे शिवणारा छोटा कारखाना चालवते. कामाला नव्या आलेल्या मुलींना प्रिंट कसं वाचायचं हे शिकवायचं असलं की मी या कोटाचा फोटो समोर ठेवते. भिंत, कापड, अंग आणि हल्ली चहाचा कप, असा सगळा प्रवास या एका नक्षीत सापडतो. जुन्या वॉलपेपरची फुलं उचलून कुर्त्यांवर, उशांवर छापणारे आज पुष्कळ आहेत, आणि त्यातलं बरंचसं काम बघवत नाही. ‘गोल्डन लिली’चा कोट मात्र आजही बघावासा वाटतो. तो का जमला, याचं उत्तर मला त्या नक्षीच्या जोडात आणि तो सांभाळणाऱ्या कात्रीत सापडतं. म्हणून हे प्रकरण नीट उलगडून लिहिते आहे.

काउंटरवरचा मुलगा

बाजारात ‘गोल्डन लिली’ विल्यम मॉरिस या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लिश नक्षीकाराच्या नावाने ओळखली जाते. काढली मात्र जॉन हेन्री डर्लने. मॉरिसची कंपनी १८६१ मध्ये सुरू झाली, १८७५ मध्ये ‘मॉरिस अँड कंपनी’ या नावाने पुन्हा उभी राहिली आणि नंतर ऑक्सफर्ड स्ट्रीटवर तिचं दुकान निघालं. १८७८ मध्ये डर्ल तिथे काउंटरवर उभा राहणारा मुलगा म्हणून लागला. मॉरिसने त्याला हाताशी धरून गालिच्यासारखे भिंतपट विणायला शिकवलं, मग नक्ष्या काढायला बसवलं. १८९६ मध्ये मॉरिस गेल्यावर कंपनीच्या कलाविभागाची सगळी जबाबदारी डर्लवर आली. ‘गोल्डन लिली’ त्याच दशकाच्या अखेरची. मॉरिसचा हात त्याच्या बोटांत इतका मुरला होता की त्याची कितीतरी कामं गुरूच्या नावावर खपली आणि अजूनही खपतात. मॉरिसची मुलगी मे हिच्या ‘हनीसकल’ या कागदाचंही बरीच वर्षं तसंच झालं. आमच्या कारखान्यात कुणी ‘मॉरिसची लिली’ म्हणालं की मी थांबवते आणि डर्लचं नाव घ्यायला लावते. काउंटरवरून उठून इथवर आलेल्या माणसाचं एवढं देणं आपण लागतो.

आता हे कागद छापले कसे जात ते बघू, कारण पुढची सगळी गोष्ट त्यात आहे. मॉरिसने सुरुवातीला जस्ताच्या पत्र्यांवर तेलरंगाने छपाई करून पाहिली. ते काही साधलं नाही. मग त्याने ते काम इस्लिंग्टनच्या ‘जेफ्री अँड कंपनी’ला दिलं. तिथे नाशपातीच्या लाकडाचे ठसे कोरत. एका रंगाला निदान एक ठसा. रंग पाण्यातला, खडू आणि सरस घातलेला, म्हणजे आपल्या जुन्या डिस्टेंपरचाच भाऊ. ठसा रंगात बुडवायचा, कागदावर नेमका टेकवायचा, दाबायचा, पुढे सरकायचं. एक रंग पूर्ण गुंडाळीवर छापून झाला की कागद वाळत घालायचा आणि वाळल्यावर पुढचा रंग. १८७५ च्या ‘अकँथस’ कागदाला तीस ठसे लागत. सेंट जेम्स राजवाड्यासाठी केलेल्या कागदाला अडुसष्ट. आपल्याकडे रंगाऱ्यांच्या घरी ठसा कसा पडतो हे ज्यांनी पाहिलंय त्यांना या आकड्याचं वजन लगेच कळेल. ठशाच्या कोपऱ्यातल्या पिनेची खूण केसभर चुकली तरी पान एकीकडे आणि त्याची शीर दुसरीकडे जाते.

ठशाची जास्तीत जास्त रुंदी एकवीस इंच, म्हणजे सुमारे ५३ सेंटिमीटर, कारण इंग्लिश कागदाचा पन्नाच तेवढा. एवढ्या चौकटीत सगळा बगीचा बसवायचा, आणि पुन्हा पुन्हा टेकवला तरी भिंतीवर चौकट दिसता कामा नये. एका व्याख्यानात मॉरिसने सांगितलं होतं की नक्षीची बांधणी इतकी झाकलेली हवी की बघणाऱ्याने तिची आवर्तनं मोजत बसू नये. माझ्या मते या धंद्यातलं हे सगळ्यात मोलाचं वाक्य.

हे साधायचं कसं? एक युक्ती हाफ ड्रॉपची. कागदाची दुसरी पट्टी लावताना नक्षी सरळ शेजारी न येता अर्ध्या आवर्तनाइतकी खाली उतरते. त्यामुळे फुलांच्या आडव्या रांगा मोडतात आणि नजर तिरकी वर चढते. दुसरी युक्ती दोन थरांची. ‘गोल्डन लिली’त मोठी, वळून उमललेली फुलं आणि वळसे घेत जाणारी पानं पुढे आहेत, त्यांच्या मागे, उरलेल्या जागेत, बारीक फुलापानांचा दुसरा थर आहे. पुढचा थर नजरेला चालवतो, मागचा थर भोकं बुजवतो. एकही देठ मध्येच संपत नाही, प्रत्येक देठ कुठून तरी येतो आणि कुठे तरी जातो. घाईत केलेल्या नक्षीत देठ फुलामागे लपवून सोडून दिलेले असतात. तीन मीटर कापड पसरलं की ते लगेच उघडे पडतात.

कापड, कागद, पुन्हा कापड

भिंतीच्या कागदावरची फुलं आली कुठून, या प्रश्नाचं एक टोक आपल्याकडे आहे. छापील सुती कापडाला आपण छीट म्हणतो. इंग्रजीतला ‘चिंट्झ’ हा शब्द याच घराण्यातला. सतराव्या शतकात भारतातली छीट जहाजं भरभरून युरोपात गेली आणि इतकी आवडली की लोकरीच्या आणि रेशमाच्या विणकरांनी ओरड केली. इंग्लंडने आधी १७०१ पासून आणि मग १७२१ च्या कायद्याने तिच्यावर बंधनं घातली. पुढे कागद छापणाऱ्यांनी छीटेची वेलबुट्टी भिंतीवर उतरवली. मॉरिसने साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात भारतीय कापडं बारकाईने अभ्यासली होती आणि त्याच्या कंपनीच्या एका कागदाचं नावच ‘इंडियन’ होतं. नीळ चढवायची विद्या त्याने स्टॅफर्डशायरमधल्या लीक गावी थॉमस वॉर्डलच्या रंगशाळेत हात कोपरापर्यंत निळे करून घेत शिकली. हाच वॉर्डल भारतातल्या टसर रेशमाचा अभ्यासक आणि पुढे स्वतः भारतात येऊन गेलेला. तेव्हा कापडावरून कागदावर गेलेली वेल १९६० च्या दशकात पुन्हा कापडावर आली, यात मला नवल कमी आणि घरी परतल्याचा आनंद जास्त वाटतो.

ती परत कशी आली ते थोडक्यात. १९४० मध्ये मॉरिस अँड कंपनी बंद पडली. वॉलपेपरचे ठसे सँडरसन कंपनीकडे गेले. लाकडी ठसे जागा खातात, त्यांना वाळवी लागते, आणि आवडनिवड बदलली की ते जळण होतात. आपल्याकडच्या किती रंगाऱ्यांच्या घरी हेच झालं. सँडरसनने ते ठेवले. १९६० च्या दशकात व्हिक्टोरियन काळाकडे लोक पुन्हा प्रेमाने बघू लागले आणि सँडरसनने जुन्या नक्ष्या स्क्रीनने कागदावर आणि सजावटीच्या कापडावर छापायला घेतल्या. अशा रीतीने ‘गोल्डन लिली’ ताग्यावर आली.

कात्री

‘ग्रॅनी टेक्स अ ट्रिप’ १९६६ मध्ये नायजेल वेमाउथ, शीला कोहेन आणि जॉन पीअर्स या तिघांनी सुरू केलं. शीला कोहेनने जमवलेले जुने कपडे तिथे विकायला असत. पीअर्स मुरलेला शिंपी होता, रीतसर उमेदवारी केलेला. मॉरिसच्या नक्षीच्या सजावटीच्या कापडातून पुरुषांचे कोट बेतायचे, हे तिथे घडलं. या प्रकरणात बहुतेक लोक हॅरिसनच्या नावापाशी थांबतात. मला थांबावंसं वाटतं ते बेतणाऱ्याच्या टेबलापाशी, कारण तिथे काय अडचणी आल्या असतील हे मी स्वतःच्या टेबलावर पाहिलंय.

काही वर्षांपूर्वी लंडनला राहणाऱ्या एक ताई ‘गोल्डन लिली’चं पडद्याचं कापड घेऊन आमच्याकडे आल्या. मुलाच्या लग्नाच्या स्वागत समारंभासाठी त्यातून बंदगळा शिवून हवा होता. आमचे मास्तर चाळीस वर्षं कोट बेततात. एरवी अशा कोटाला ते अडीच मीटर मागतात. या कापडावर पट्टी फिरवली आणि म्हणाले, “ताई, साडेतीन लागेल. वर मला दोन दिवस नुसते बघायला द्या.”

मीटरभर जास्त कशाला? भिंतीच्या नक्षीला वर आणि खाली असतं. फुलं वर बघतात. साध्या कापडात शिंपी पाठ, बाही, पुढा हे भाग उलटसुलट एकमेकांत बसवून कापड वाचवतो. इथे प्रत्येक भागाचा माथा एकाच दिशेला हवा, म्हणून मधली जागा वाया जाते. त्यात पाठीच्या मध्यशिवणीवर फूल फुटता कामा नये, बाहीवरची वेल छातीवरच्या वेलीला जिथे भेटते तिथे ती तुटलेली वाटता कामा नये. असे एकेक भाग आवर्तन बघून सरकवत गेलं की मीटर कधी उडतो कळत नाही.

पहिल्याच दिवशी घोटाळा होता होता वाचला. हाताखालच्या मुलाने सवयीने कापड आडवं दुमडलं, टोकाला टोक लावून, आणि बाहीचा नमुना ठेवून खडूने आखलंसुद्धा. आडवं दुमडलं की वरच्या थराची दिशा खालच्या थराच्या उलट होते. कात्री चालली असती तर एका बाहीवर फुलं उभी आणि दुसऱ्या बाहीवर डोक्यावर. मास्तरांनी घडीचा कोपरा उचलून त्याला नुसतं दाखवलं. मग त्यांनी घडी मोडली, कापड एकेरी पसरलं आणि प्रत्येक भाग सुटा आखला, उजवा वेगळा, डावा वेगळा.

समोरच्या जोडाला खरा वेळ गेला. नवखा माणूस दोन्ही पुढ्यांच्या कडा एकमेकींना जुळवतो. पण बंदगळ्याचा एक पुढा दुसऱ्यावर चढतो. नक्षी जुळायची ती बटणांच्या रेषेवर, कडेवर जुळवून उपयोग नाही. चढणारी दोन सेंटिमीटरची पट्टी हिशेबात धरून मास्तरांनी डावा पुढा तेवढा सरकवला. बटणं लावल्यावर डावीकडून आलेलं पान उजवीकडे अखंड निघालं. खिशाच्या बोटभर पट्टीवरही त्यांनी देठ जुळवला. ती पट्टी चार वेळा कापली. पडद्याचं सूत जाड, काखेत बोजड होतं, म्हणून आतलं कापसाचं अस्तर त्यांनी अगदी हलकं निवडलं.

कोट तयार झाला आणि मॉरिसचं ते म्हणणं मला नव्याने कळलं. भिंतीवर नक्षी सपाट आणि निश्चल असते. अंगावर ती खांद्याशी वळते, कोपराशी मोडते, काखेत दिसेनाशी होते. सरळ रांगेतल्या बुट्ट्या अशा वेळी विस्कटतात आणि कपडा वाकडा शिवल्यासारखा दिसतो. ‘गोल्डन लिली’चे वळसे आधीच तिरके आणि सैल असल्याने शरीराचं वळण त्यांनी सहज पोटात घेतलं. जी बांधणी भिंतीवर चौकट लपवायला केली, तीच कोटावर शिवण लपवायला कामी आली.

कप, फॅशन आणि मालकी

नंतरचं चित्र सगळ्यांच्या ओळखीचं आहे. २०१७ मध्ये लोएवे या स्पॅनिश फॅशन घराण्याने जोनाथन अँडरसनच्या देखरेखीखाली मॉरिसच्या नक्ष्यांचा छोटा संग्रह काढला. त्यात १८८३ ची ‘स्ट्रॉबेरी थीफ’ होती, जी मुळात नीळ चढवून, ती जागोजागी उडवून छापलेलं सुती कापड होती. २०१८ च्या शरदात एच अँड एमने मॉरिस अँड कंपनीबरोबर स्त्रियांचे कपडे आणले आणि वॉलपेपरच्या वेली जगभरच्या मॉलमध्ये पोचल्या. याशिवाय कप, ट्रे, छत्र्या, डायऱ्या, ॲप्रन.

कपाचं मला मनापासून पटत नाही, आणि त्याला कारण गणिताचं आहे. आठ सेंटिमीटर व्यासाच्या कपाचा घेर जेमतेम पंचवीस सेंटिमीटर. कागदाची नक्षी बावन्न-त्रेपन्न सेंटिमीटर रुंद. म्हणजे तिला निम्म्याहून लहान करा, नाहीतर मधूनच कापा. लहान केली की मागचा बारीक थर गिचमिड होतो. कापली की देठ कानापाशी आपटतो. चांगले डिझायनर कपासाठी नक्षी नव्याने काढतात, मागचा थर विरळ करतात, एखादी वेल काढून टाकतात. हे कष्ट घेतलेला कप हातात धरला की लगेच ओळखू येतो. बाकीच्यांवर नुसता ठिपक्यांचा रंगीत गोंधळ असतो. उशीचा अभ्रा मात्र या नक्ष्यांचा सख्खा. ४५ सेंटिमीटरच्या चौकोनात मुख्य फूल मध्यावर धरलं की जवळजवळ पूर्ण आवर्तन मिळतं.

रंगांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. जुन्या कागदाचा रंग ‘जसाच्या तसा’ हवा असा हट्ट धरणारी गिऱ्हाइकं भेटतात. मॉरिसच्या सुरुवातीच्या ‘ट्रेलिस’ या कागदाचा एक नमुना अँड्र्यू मेहार्ग या शास्त्रज्ञाने तपासला आणि २००३ मध्ये निष्कर्ष मांडले: हिरव्या रंगात तांबं आणि आर्सेनिक, गुलाबाच्या लालीत पारा. मॉरिस स्वतः १८७५ पर्यंत डेव्हनमधल्या अशा खाण कंपनीचा संचालक होता जी आर्सेनिकची मोठी उत्पादक म्हणून प्रसिद्ध होती, आणि कागदातल्या विषाची भीती त्याने उडवून लावली होती. माझ्या या आवडत्या माणसाच्या कामावरचा हा डाग मला पुसता येत नाही. नवा रंग लावताना ‘मूळ छटा’ हे प्रमाण मी त्यामुळे कधीच पवित्र मानलं नाही. नक्षी तीच ठेवून गडद निळ्याऐवजी आपल्या हळदीच्या पिवळ्यावर ती कशी दिसते, हे बघायला हरकत नसावी.

आता मालकी. मॉरिस १८९६ ला गेला, डर्ल १९३२ ला. ब्रिटनमध्ये कलाकाराच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षं आणि आपल्याकडे साठ वर्षं हक्क राहतो. दोन्हीकडे मुदत उलटली आहे. नक्षी मोकळी झाली. नाव मोकळं नाही. ‘मॉरिस अँड कंपनी’ हे नाव आणि जुने ठसे, पोथ्या, नमुने आज सँडरसन डिझाइन ग्रुपकडे आहेत. २००३ मध्ये सँडरसन विकत घेणाऱ्या वॉकर ग्रीनबँकचंच हे नवं नाव. इतर कंपन्या त्यांच्याकडून परवाना घेतात तेव्हा पैसे मोजतात ते नावाचे आणि त्या कपाटांचे, म्हणजे मूळ ठसा समोर ठेवून रेघ तपासता येण्याचे. इंटरनेटवरून उचललेल्या धूसर चित्रात जोडाचे दोन मिलिमीटर कुठे गेले ते कधीच कळत नाही, आणि तेवढ्याने वेल तुटते.

आपल्याकडच्या नव्या डिझायनर मुलामुलींसाठी याला जोडून एक कायद्याची बाब. तुम्ही स्वतः काढलेली नक्षी डिझाइन कायद्याखाली नोंदवता येण्यासारखी असेल आणि तुम्ही ती नोंदवली नाही, तर ती लावलेली वस्तू औद्योगिक पद्धतीने पन्नासहून जास्त वेळा निघाली की कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तुमचा त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. पन्नास अभ्रे म्हणजे आमच्याकडे एका दिवसाचं काम. नोंदणी केली तर दहा वर्षं मिळतात आणि मुदतवाढ घेतली तर आणखी पाच. नोंदणी वस्तू बाजारात यायच्या आधी करायची असते.

ताईंच्या मुलाचा कोट लग्नात बराच मिरवला, फोटो आले. साडेतीन मीटरमधून उरलेल्या तुकड्यांतला सगळ्यात मोठा तळहाताएवढा रुंद आणि हातभर लांब होता. मास्तरांनी तो टाकू दिला नाही. त्यावर बटणांच्या रेषेची खडूची खूण अजून आहे आणि ती बरोबर एका पानाच्या मधोमध जाते. तो आता बेतायच्या टेबलावर, भिंतीला, खिळ्याने अडकवलेला आहे.